खापर कोणाच्या डोक्यावर?

वाचनपाठ, पातळी ५

वाचण्याआधी

मुलांनो, हा पाठ बास्केटबॉलचा आहे. पण घाबरू नका, मी तुम्हाला नियम शिकवणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतात. आमच्या मराठी शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचा एकच खांब होता, त्याला जाळी नव्हती, आणि आम्ही त्याच्या आजूबाजूला खो-खो खेळायचो. मी इथे येऊन हा खेळ बघायला शिकलो.

दोन शब्द आधी समजून घ्या. मराठी वर्तमानपत्रं ‘रेग्युलर सीझन’ला साखळी सामने म्हणतात आणि ‘प्लेऑफ’ला बाद फेरी. एनबीएच्या साखळीत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. बाद फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी जास्तीत जास्त सात सामने होतात. जो चार जिंकेल तो पुढे जातो, दुसरा घरी. अशा चार फेऱ्या जिंकल्या की करंडक मिळतो.

आता वाचा. अडलेला शब्द लगेच शोधू नका, आधी परिच्छेद पूर्ण करा.

धीर धरणारं गाव

फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स, म्हणजे आपले सिक्सर्स, १९८३ साली शेवटचे विजेते झाले. २००१ साली ॲलन आयव्हर्सनच्या जोरावर ते अंतिम फेरीत पोहोचले, पहिला सामना जिंकले आणि मग लेकर्सकडून ४-१ असे हरले. तेव्हापासून २०२५ पर्यंत हा संघ एकदाही दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही. एकदाही नाही! तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेलेही नव्हते.

मध्ये एक विचित्र काळ होता. संघाच्या व्यवस्थापनाने ठरवलं की मधल्या क्रमांकावर रखडत बसण्यापेक्षा तळाला जाऊ. तळाला गेलं की ड्राफ्टमध्ये वरचा नंबर मिळण्याची शक्यता वाढते आणि त्यातून मोठा खेळाडू हाती लागू शकतो. मग सुरू झाली हाराकिरी. २०१३-१४ मध्ये १९ विजय, पुढच्या वर्षी १८, त्याच्या पुढच्या वर्षी फक्त १०. तीन वर्षांत २४६ सामने आणि ४७ विजय. प्रेक्षक तिकिटं काढून हे बघत होते आणि ‘ट्रस्ट द प्रोसेस’ असं ओरडत होते. याचं शब्दशः मराठी ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ असं होईल, पण ते सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. आपली आजी दोन शब्दांत म्हणाली असती, “धीर धरा.”

धीर धरल्याचं फळ मिळालंही. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये कॅमेरूनचा जोएल एम्बीड आला. पायाच्या दुखापतीमुळे पहिली दोन वर्षं तो खेळलाच नाही. २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर ऑस्ट्रेलियाचा बेन सिमन्स आला, त्याचंही पहिलं वर्ष दुखापतीत गेलं. २०१७-१८ मध्ये दोघं एकत्र खेळले आणि संघाने ५२ सामने जिंकले. गाव वेडं झालं. आणि इथून आपल्या पाठातलं दुःख सुरू होतं, कारण हरण्याची सवय असलेल्या माणसाला हरणं तेवढं लागत नाही. लागतं ते हातातोंडाशी आलेला घास गेल्यावर.

(‘हातातोंडाशी आलेला घास जाणे’ : अगदी मिळणार असं वाटलेलं शेवटच्या क्षणी न मिळणे. घास हातात आहे, तोंड उघडलंय, आणि... गेला!)

चार उड्या

२०१८ च्या दुसऱ्या फेरीत बॉस्टनविरुद्ध एक गंमत झाली. वेळ संपता संपता मार्को बेलिनेलीने बास्केट केली आणि छतावरून रंगीत कागदांचा पाऊस पडला. विजयाचा जल्लोष! पण त्या बास्केटने सामना फक्त बरोबरीत आला होता. कागद झाडून काढायला वेळ लागला, मग ओव्हरटाइम झाला आणि बॉस्टनने तो सामना १०१-९८ असा जिंकला. मराठीत यालाच म्हणतात ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’. तुरी अजून बाजारातच आहेत, घरात आल्याही नाहीत, आणि भांडणं मात्र सुरू. ती मालिका बॉस्टनने ४-१ अशी जिंकली.

२०१९ ची गोष्ट मात्र गमतीची नाही. दुसरी फेरी, टोरांटोविरुद्ध सातवा सामना, १२ मे. ४.२ सेकंद उरले असताना जिमी बटलरने ९०-९० अशी बरोबरी केली. मग टोरांटोच्या क्वाय लेनर्डने उजव्या कोपऱ्यातून, एम्बीडच्या पसरलेल्या हातावरून, उंच चेंडू टाकला. वेळ संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. तो रिमवर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. आणि आत पडला. ९२-९०. एनबीएच्या इतिहासात सातव्या सामन्यात शेवटच्या भोंग्यावर मालिका जिंकून देणारा हा पहिलाच फटका होता. एम्बीड रडत बाहेर गेला.

लोक म्हणाले, नशीब. मीही तसंच म्हटलं असतं. पण आकडे बघा. एम्बीड त्या सामन्यात सुमारे ४५ मिनिटं खेळला आणि तो मैदानावर असताना सिक्सर्सचे गुण टोरांटोपेक्षा दहाने जास्त होते. सामना ४८ मिनिटांचा असतो आणि हरले दोन गुणांनी. म्हणजे उरलेल्या जेमतेम तीन मिनिटांत, तो बाकावर श्वास घेत होता तेव्हा, संघ बारा गुणांनी मागे पडला. चार उड्या सगळ्यांना दिसल्या. ती तीन मिनिटं कोणाला दिसली नाहीत.

पडला की पाडला?

इथे थोडं थांबू या आणि व्याकरण बघू या. शाळेत आम्हाला ‘अकर्मक’ आणि ‘सकर्मक’ क्रियापदं पाठ करायला लावली होती. ती कशाला लागतात हे मला हरलेल्या संघाचे चाहते बोलताना ऐकून नीट कळलं.

मराठीत खूप क्रियापदांच्या जोड्या असतात. पडणे आणि पाडणे. सुटणे आणि सोडणे. तुटणे आणि तोडणे. बिघडणे आणि बिघडवणे. पहिल्या क्रियापदात गोष्ट आपोआप होते, कर्ता लपलेला असतो. दुसऱ्यात कोणीतरी ती करतं, आणि भूतकाळात त्याच्या नावाला बहुतेक वेळा ‘ने’ लागतं.

चेंडू हातातून सुटला. (कोणाचा दोष? माहीत नाही.)
सिमन्सने चेंडू सोडला. (आता माहीत आहे.)

सामना हातचा गेला.
कोचने सामना घालवला.

बघा, घटना तीच आहे. पण एका वाक्यात नशीब आहे आणि दुसऱ्यात आरोपी. तुम्ही घरी हे रोज करता. ‘आई, ग्लास फुटला’ असं सांगता, ‘मी ग्लास फोडला’ असं सांगत नाही. आईला मात्र हे व्याकरण तुमच्यापेक्षा चांगलं येतं, म्हणून ती लगेच विचारते, “फुटला की फोडलास?”

एक सावधगिरी. ‘हरवणे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ‘टोरांटोने सिक्सर्सना हरवलं’ म्हणजे पराभव केला. ‘माझी वही हरवली’ म्हणजे वही सापडत नाही. वहीचा पराभव झालेला नाही!

कच खाल्ली

आता २०२१. कोच बदललेला आहे, तो का बदलला ते पुढे येईल. सिक्सर्स ईस्टमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. दुसऱ्या फेरीत समोर पाचव्या क्रमांकाचा अटलांटा. सगळ्यांना वाटलं, या वेळी नक्की.

चौथ्या सामन्यात १८ गुणांची आघाडी गेली. पाचव्या सामन्यात, घरच्या मैदानावर, २६ गुणांची आघाडी गेली. (गेली की घालवली? तुम्ही ठरवा.) मालिका सातव्या सामन्यापर्यंत पोहोचली, तोही घरी.

साडेतीन मिनिटं उरली होती. अटलांटा ८८, सिक्सर्स ८६. सिमन्स गिरकी घेऊन बास्केटखाली आला. तो सहा फूट दहा इंचांचा, आणि समोर होता ट्रे यंग, त्याच्यापेक्षा कितीतरी बुटका. फक्त वर उडी मारून चेंडू आत घालायचा होता. सिमन्सने चेंडू मॅटिस थायबुलला दिला. थायबुलवर फाऊल झाला आणि त्याने दोनपैकी एकच फ्री थ्रो घातला. सामना १०३-९६ असा गेला.

याला मराठीत ‘कच खाणे’ म्हणतात : ऐन वेळी हिंमत सोडणे. पण कच का खाल्ली? सिमन्सने उडी मारली असती तर त्याच्यावर फाऊल झाला असता आणि त्याला फ्री थ्रो घ्यावे लागले असते. त्या वर्षीच्या बाद फेरीत त्याने ७३ फ्री थ्रो घेतले होते, पडले फक्त २५. शंभरात चौतीस. म्हणजे तो ट्रे यंगला घाबरला नव्हता, त्या फ्री थ्रोच्या रेषेला घाबरला होता, असं मला वाटतं.

सामन्यानंतर एम्बीडने तो क्षण महत्त्वाचा होता असं सांगितलं. कोच डॉक रिव्हर्स यांना विचारलं गेलं, सिमन्ससारखा पॉइंट गार्ड घेऊन विजेतेपद मिळू शकतं का? त्याचं उत्तर आपल्याकडे नाही, असं ते म्हणाले. सिमन्स पुन्हा कधी सिक्सर्सकडून खेळला नाही. मार्च २०२२ मध्ये तो ब्रुकलिनच्या संघाबरोबर फिलाडेल्फियात आला. खेळणार नव्हता, साध्या कपड्यांत बाकावर बसला होता. तरी अख्ख्या स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. (‘हुर्यो उडवणे’ : ओरडून थट्टा आणि राग दाखवणे. हे काम फिलाडेल्फियाइतकं मन लावून कोणी करत नाही.) गंमत म्हणजे सामना ब्रुकलिननेच जिंकला, १२९-१००.

नारळ

संघ हरला की लोक पहिली मागणी कोणती करतात? कोचला काढा. मराठीत यासाठी मस्त शब्द आहे : नारळ देणे. नारळ म्हणजे मान, सत्कार, शुभारंभ, बरोबर? पण निरोप देतानाही नारळ देतात. म्हणून ‘कोचला नारळ दिला’ म्हणजे कोचला घरी पाठवलं. खेळाडूला संघातून वगळलं तर मात्र ‘डच्चू दिला’ लिहितात. मराठी क्रीडा पानावर हे दोन शब्द तुम्हाला नेहमी भेटतील.

सिक्सर्सचे नारळ मोजू या.

ब्रेट ब्राऊन यांनी सात वर्षं संघ सांभाळला. ते हरण्याच्या काळातही होते आणि चार उड्यांच्या रात्रीही होते. २०२० मध्ये सिमन्स जखमी होता, बॉस्टनने पहिल्याच फेरीत ४-० असं धुतलं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी ब्राऊन यांना नारळ मिळाला.

मग आले डॉक रिव्हर्स. २००८ मध्ये बॉस्टनला विजेतेपद मिळवून दिलेले, मोठं नाव. पण त्यांची दुसरीही एक ओळख होती. मालिकेत ३-१ असे पुढे असताना त्यांचे संघ तीनदा हरले होते, २००३, २०१५ आणि २०२० मध्ये. फिलाडेल्फियाच्या चाहत्यांना हे तोंडपाठ होतं. २०२३ मध्ये बॉस्टनविरुद्ध सिक्सर्स ३-२ असे पुढे होते. आणखी एक सामना, फक्त एक! सहावा सामना घरी होता, तो ९५-८६ असा हरले. सातव्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरमध्ये बॉस्टनचे ३३ गुण झाले आणि सिक्सर्सचे १०. शेवट ११२-८८. जेसन टेटमने एकट्याने ५१ गुण केले. त्या वर्षीचा एमव्हीपी एम्बीड होता, त्याचे झाले १५. दोन दिवसांनी रिव्हर्स यांना नारळ.

त्यांच्या जागी कोण आलं? निक नर्स. म्हणजे २०१९ च्या चार उड्यांच्या रात्री टोरांटोचा जो कोच होता, तोच! चाहत्यांना वाटलं, चला, ज्याने आपल्याला रडवलं तो आता आपल्याकडे. २०२४ मध्ये निक्सविरुद्ध दुसऱ्या सामन्यात, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असताना, सिक्सर्स पाच गुणांनी पुढे होते, आणि १०४-१०१ असे हरले. शेवटच्या काही सेकंदांत पंचांकडून फाऊल सुटले हे लीगने दुसऱ्या दिवशी मान्य केलं, पण निकाल तोच राहिला. पाचव्या सामन्यात टायरीस मॅक्सीने ४६ गुण करून संघाला वाचवलं, सहाव्यात खेळ खलास. पहिल्याच फेरीत. त्याच्या पुढच्या मोसमात एम्बीड फक्त १९ सामने खेळू शकला आणि संघाने २४ जिंकले, ५८ हरले.

तीन कोच, आणि दुसऱ्या फेरीच्या पुढे कोणीच नाही. ‘पळसाला पानं तीनच’ ही म्हण अशा वेळी वापरतात. पळसाचं झाड कुठेही लावा, कोकणात किंवा विदर्भात, एका देठाला पानं तीनच येणार.

मग घोडं पेंड खातं कुठे?

(‘घोडं कुठे पेंड खातं’ : खरी अडचण नेमकी कुठे आहे. हा वाक्प्रचार मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मनातल्या मनात खूप वापरतो.)

कोचचा दोष नाही, असं मी म्हणणार नाही. साखळीत आज एक संघ, उद्या दुसरा, तुमचा अभ्यास करायला कोणाला वेळ नसतो. बाद फेरीत तोच प्रतिस्पर्धी दोन आठवडे तुमच्याकडे दुर्बीण लावून बसतो. तुमचा एखादा खेळाडू लांबून शॉट मारत नाही, हे त्याला कळलं की तो त्या खेळाडूला मोकळा सोडतो आणि आपला माणूस एम्बीडच्या अंगावर घालतो. मग कोचने रात्रीत नवा उपाय काढायचा असतो. कोण किती मिनिटं खेळणार, मोठा खेळाडू बाकावर असताना काय करायचं, आघाडी गळायला लागली की टाइमआऊट कधी घ्यायचा, हे कोचचंच काम. २०१९ ची ती तीन मिनिटं आणि २०२१ ची २६ गुणांची आघाडी याचा हिशोब कोचकडे मागायलाच हवा.

पण फ्री थ्रो कोच घेत नाही. आणि एम्बीडचा गुडघाही कोचच्या हातात नाही. २०२२ मध्ये मायामीविरुद्ध पहिले दोन सामने एम्बीड खेळलाच नाही, कारण आधीच्या फेरीत त्याच्या डोळ्याजवळचं हाड मोडलं होतं. (मोडलं की मोडवलं, हा प्रश्न इथे विचारू नका, फार भांडणं होतील.) त्याच मायामीकडून खेळत होता जिमी बटलर, ज्याला सिक्सर्सनी २०१९ च्या उन्हाळ्यात जाऊ दिलं होतं.

आणखी मागे चला, २०१७ च्या ड्राफ्टपर्यंत. बॉस्टनकडे पहिला क्रमांक होता, सिक्सर्सकडे तिसरा. सिक्सर्सनी आपला तिसरा क्रमांक आणि वर पुढच्या काळातला एक पहिल्या फेरीचा हक्क देऊन बॉस्टनकडून पहिला क्रमांक घेतला आणि मार्केल फुल्ट्झला निवडलं. त्याच्या खांद्याला त्रास झाला, शॉटच बिघडला, आणि दीड वर्षात तो दुसऱ्या संघात गेला. बॉस्टनने त्या तिसऱ्या क्रमांकावर कोणाला घेतलं? जेसन टेटमला. हो, तोच ५१ गुणांचा टेटम. २०२३ चा तो सातवा सामना सहा वर्षं आधी, एका टेबलावर, हातचा गेला होता. (हे वाक्य सकर्मक करून बघा. कर्ता कोण येतो?) ते टेबल रिव्हर्स यांचं नव्हतं. ते त्या वेळी क्लिपर्सचे कोच होते.

मग खापर कोचच्या डोक्यावर का फुटतं? उत्तर साधं आहे. बारा-पंधरा खेळाडू बदलता येत नाहीत, त्यांचे करार अनेक वर्षांचे आणि कोट्यवधी डॉलरचे असतात. मालक स्वतःला काढत नाही. उरतो कोच. आमच्या आयटीतही रिलीज फसलं की कोड तोच राहतो आणि मॅनेजर बदलतो.

आपण जिंकलो, ते हरले

आणखी एक गोष्ट ऐका, ही मराठीतच नीट पकडता येते. इंग्रजीत एकच ‘वी’ आहे. मराठीत दोन : ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तोही आत येतो. सिक्सर्स जिंकले की चाहते काय म्हणतील? “आपण जिंकलो!” शेजारचा, बसमधला अनोळखी माणूस, सगळे त्यात आले. बॉस्टनच्या चाहत्याशी भांडताना? “आम्ही तुम्हाला बघून घेऊ.” आणि हरल्यावर? “ते हरले. त्यांना खेळता येत नाही.”

तुमच्या घरी भारताची क्रिकेट मॅच लागते तेव्हा कान देऊन ऐका. तुमचे बाबा कोणत्या षटकापर्यंत ‘आपण’ म्हणतात आणि कोणत्या षटकापासून ‘हे लोक’ म्हणायला लागतात, ते वहीत लिहून आणा. हा गृहपाठ आहे, मी विचारणार आहे.

फिलाडेल्फियाच्या लोकांची एक गोष्ट मला आवडते. ते हरल्यावर हुर्यो उडवतात, कोचला शिव्या देतात, पुढच्या वर्षी बघणार नाही अशी शपथ घेतात, पण बोलताना पुष्कळदा ‘वी’च म्हणतात. म्हणजे आपल्या भाषेत, ‘आपण पुन्हा माती खाल्ली’. शिव्या देतानाही ‘आपण’!

स्वाध्याय

१. पुढची वाक्यं सकर्मक करा. कर्ता पाठातून शोधा आणि त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लावा.
अ) छतावरून कागद पडले. आ) २६ गुणांची आघाडी गेली. इ) शेवटच्या सेकंदांत फाऊल सुटले.
(‘अ’मध्ये कर्ता पाठात दिलेला नाही. मग काय कराल? तसंच ठेवायचं की ‘कोणीतरी’ लिहायचं? दोन्हींत काय फरक पडतो?)

२. ‘नारळ देणे’, ‘कच खाणे’, ‘खापर फोडणे’ हे तीन वाक्प्रचार तुमच्या शाळेतल्या, घरातल्या किंवा मैदानावरच्या खऱ्या घटनेत वापरा. बास्केटबॉल चालणार नाही.

३. तुमची स्वतःची टीम कोणती? ती शेवटची कधी हातातोंडाशी येऊन हरली? आठ-दहा ओळी लिहा. पहिल्या पाच ओळींत सगळा दोष कोचचा आहे असं लिहा, पुढच्या पाच ओळींत कोचची बाजू घ्या. दोन्हीकडे निदान एक खरा आकडा हवा. ‘रेफरीने चीटिंग केली’ हे वाक्य एकदाच वापरता येईल.

४. बोलण्याचा सराव : जोडीत बसा. एक जण सिक्सर्सचा मालक, दुसरा नुकताच नारळ मिळालेला कोच. मालकाने कोचला ‘तुम्ही’ म्हणावं, कोचनेही ‘तुम्ही’च म्हणावं, कितीही राग आला तरी. पाच मिनिटं बोला. इंग्रजी शब्द आला की बाकीच्यांनी हुर्यो उडवायची.